दोन चाकांचा जोर की चार चाकांचा?



ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर घ्यायचा, तर टू-व्हील घ्यावा की फोर-व्हील, ही चर्चा आज गावोगाव आहे. शेजाऱ्याने फोर-व्हील आणला, विकणारा म्हणतो आता हाच चालतो, आणि आपण कर्जाच्या कागदावर सही करून मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच, की सहीच्या आधी हिशेब करा.

चारही चाकांना जोर दिला म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही. ४५ हॉर्सपॉवरचे इंजिन दोन्हीकडे ४५चेच. फरक पडतो तो पकडीत. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, तर पुढची दोन जमीन धरून ओढतात. म्हणजे खरा प्रश्न असा, की आपली चाके वर्षातून किती दिवस जागच्या जागी फिरतात?

यवतमाळ जिल्ह्यातले वर्ष डोळ्यांपुढे आणा. जून ते सप्टेंबर काळी जमीन पाणी पिऊन फुगते, पांदणीत चिखल होतो. पण तेव्हा वाहायचे काय? खताची पोती आणि फवारणीचे पाणी. शेणखत जाते उन्हाळ्यात. कापूस, ज्वारी, कडबा निघतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर, जमीन वाळू लागल्यावर. मध्येच परतीचा पाऊस आला, तरी घाईत फायदा नाही. कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय १२ टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेत नाही. चिखलातून ओढून नेलेला ओला कापूस केंद्रावरून परत आणायची पाळी येते. शिवाय कापूस दिसायला डोंगर, वजनाला हलका. त्याच्या ट्रॉलीला भीती फसण्याची कमी, उलटण्याची जास्त.

आता पैशाचे बघू. समजा, त्याच ताकदीच्या फोर-व्हीलला एक लाख रुपये जास्त पडले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे १२ क्विंटलहून जास्त कापूस. एकरी ४ क्विंटल धरले, तर तीन एकरांचे सगळे पीक, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. कर्जाचे व्याज आणि पुढच्या एक्सलची देखभाल वेगळी. वर्षाकाठी चार-सहा दिवसच गाडी फसत असेल, तर तेवढ्यासाठी हे ओझे का घ्यायचे?

टू-व्हीलवरही पकड वाढवता येते. मागच्या टायरची नक्षी झिजू देऊ नका. मागच्या चाकांना लोखंडी वजन लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा. एक चाक फिरू लागले, की डिफरन्शियल लॉक दाबा. वळताना मात्र सोडा. ट्रॉली नेहमी खालच्या हुकलाच जोडा. वर जोडली, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि माणूस दबतो.

मग फोर-व्हील कोणी घ्यावा? ज्याच्याकडे ओलीत आहे, रोटाव्हेटर भाड्याने चालवायचा आहे, किंवा पुसद-उमरखेडकडच्या चढ-उताराच्या वाटांवर ज्याची रोजची वाहतूक आहे, त्याला तो परवडेल. त्यानेही डांबरी रस्त्याला लागताच पुढचा जोर सोडावा, नाहीतर पुढचे टायर खरवडून निघतात. तीव्र उतारावर तो जोडल्यास पुढची चाकेही धरतात, पण बिनब्रेकच्या ट्रॉलीचा रेटा त्याने थांबत नाही. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. आणि ओल्या काळ्या वावरात दोन्ही ट्रॅक्टर घालू नयेत. टू-व्हील दोन खड्डे करतो, फोर-व्हील चार. जमीन दबते ती वेगळीच.

भावांनो, चिखल आहे तो पांदणीत, आणि पांदण सगळ्या गावाची आहे. एकेकाने लाख रुपये जास्त मोजून चिखल तुडवायचा, की सगळ्यांनी मिळून पांदण पक्की करून घ्यायची? नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली होती. आपली पांदण गावाच्या आराखड्यात आहे का, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. मुरूम पडलेल्या पांदणीवर टू-व्हीलही चालतो, फोर-व्हीलही चालतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याची बंडीही चालते.