अंधाराची रंगीत तालीम

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साताऱ्याच्या पाटण तालुक्यात भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली. धरणास तडे गेले, तरी ते उभे राहिले. पण वीजनिर्मिती थांबली आणि दूरच्या मुंबईतील कारखान्यांची वीज गेली. एका ठिकाणचा आघात कोठवर पोहोचतो, हे फार मोठ्या किमतीने कळले.

असे ज्ञान थोडक्या किमतीत मिळवावयाचे, तर बिघाड आपणच घडवून आणला पाहिजे. वीजकेंद्राला स्वतः सुरू होण्यासही वीज लागते, हे सांगलीच्या घरात दिवा लावताना कोणाच्या मनात येत नाही. औष्णिक केंद्रातील कोळसा दळणारी यंत्रे, पंखे, पंप हे सारे आधी फिरावे लागतात. मग ३१ जुलै २०१२ रोजी झाले त्याप्रमाणे निम्मा देश अंधारात गेला, तर पहिली ठिणगी कोणी टाकावयाची? जलविद्युत केंद्राची गरज अल्प असते. लहानशा डिझेल जनित्रावर पाण्याची दारे उघडतात, चक्र फिरू लागते. याची तालीम घेताना वीजजाळ्याचा एक तुकडा बुद्ध्याच तोडून निर्जीव करतात आणि एका केंद्रापासून पायरीपायरीने पुन्हा जिवंत करतात.

संगणकांच्या जाळ्यांत हे धाडस पुढे गेले आहे. अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीची माहितीपेढी २००८ साली बिघडली आणि तीन दिवस तिची पाठवणी बंद पडली. पुढे तिने काम असंख्य संगणकांवर वाटले आणि त्यांत ‘केऑस मंकी’ नावाची आज्ञावली मोकळी सोडली. चालू संगणकांपैकी वाटेल तो ती बंद पाडते; तेही कचेरीच्या वेळेत, दुरुस्ती करणारे जागेवर असताना. एक यंत्र मेल्याने ग्राहकाचे अडले, तर रचनेतच दोष आहे असे समजावयाचे. कौलारू घरात राहणाऱ्यास या नावाचा अर्थ निराळा सांगावयास नको!

वीजजाळ्यात माकडाला एवढी मोकळीक देता येत नाही. मिरजेच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना वीज तोडून पाहण्याचा अधिकार कोणाला नाही. म्हणून ही तालीम आगाऊ ठरवून, सर्वांस कळवून होते, आणि तिचे उणेपणही तेथेच आहे. जनित्र सुरू होते की नाही, हे तिच्यात कळते. परंतु रात्रपाळीवर मोजकी माणसे असताना, दूरध्वनी मुका झाला असताना, कोणता खटका आधी दाबावा हे कोणास आठवेल, ते कळत नाही. एकाही घरचा दिवा न विझविता एवढे तरी अवचित विचारून पाहता येईल.