सातवीण दोषी आहे काय?



शरद ऋतू लागला की पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत एक विषय हमखास निघतो : फाटकाजवळची सातवीण तोडावी काय? सायंकाळी तिचा उग्र गंध दाटतो, कोणाचे डोके दुखते. दम्याने पीडित मुलाला रात्र बसून काढावी लागते. त्याच्या आईची तक्रार खोटी नव्हे. प्रश्न निदानाचा आहे.

हा गंध आजचा नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, चौथ्या सर्गात, रघूच्या सैन्यातील हत्तीसुद्धा मदगंधी सप्तपर्ण-फुलांनी डिवचले जातात! माणसाचे डोके दुखले तर नवल ते काय? परंतु उग्र वासाने श्वासनलिका चाळवणे वेगळे आणि परागकणांची ॲलर्जी वेगळी. सुगंधी फूल कीटकांना निमंत्रण देत असते. असे पराग बहुधा चिकट असतात, वाऱ्यावर फार दूर जात नाहीत. ज्या झाडांची भिस्त वाऱ्यावर, ती ना रंग मिरवतात ना गंध. वावळ्याचेच पाहा. हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण फांद्यांवर बारीक हिरवट फुले येतात. ती कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. पण भारतातील प्रमुख ॲलर्जीकारक परागांत त्यांची गणना होते. वेडी बाभूळही त्यांतलीच.

शिवाय सातवीण बहरते त्याच दिवसांत गवते फुलोऱ्यावर असतात, ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी असते, दिवाळीपूर्व साफसफाईची धूळ उडते आणि मागाहून फटाक्यांचा धूर येतो. यांपैकी नाकाला ओळखू येते ते झाड. म्हणून शिक्षा झाडाला.

झाडे सर्वस्वी निरपराध असतात असेही नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उजाड डोंगरांवर लाकडासाठी प्रामुख्याने ‘सुगी’ या सूचिपर्णी वृक्षाची अफाट लागवड केली. पुढे परदेशी लाकूड स्वस्त झाले, तोड मंदावली, झाडे वयात आली. सुगीच्या परागज्वराची पहिली नोंद १९६४ची; आज सुमारे चाळीस टक्के जपानी त्याने त्रस्त आहेत. सुगीचे क्षेत्र दहा वर्षांत वीस टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारने २०२३मध्ये ठरवले. दोष वृक्षाचा की एकाच जातीच्या हव्यासाचा? आपल्या शहरांतही सातवीण भराभर वाढते, सदाहरित राहते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ओळीने तीच लावली गेली.

तेव्हा कुऱ्हाडीपूर्वी त्वचेची ॲलर्जी-चाचणी व्हावी. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी होतो, याची टिपणे घरच्यांनी ठेवावीत. गंधच असह्य असेल तर बहरापूर्वी फांद्यांची छाटणी होऊ शकते. त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी, कारण १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे. नवी रोपे लावताना जाती मिसळाव्यात आणि सातवीण शयनगृहाच्या खिडकीपासून दूर असावी. तोवर सायंकाळी त्या मुलाच्या खोलीची खिडकी बंद ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर चुकवू नये.