अळूचे पान आणि बर्फ



शहापूर-मुरबाडच्या पावसात अळूच्या पानावरून पाणी मोत्यासारखे घरंगळते. पानावरील मेण आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे यांमुळे ते चिकटत नाही. कमळाच्या पानाचे हेच रहस्य बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडले.

मग अशा पृष्ठभागावर बर्फही धरणार नाही, असे वाटेल. अडचण येथेच आहे. पाऊस वरून पडतो. दव मात्र हवेतील वाफेतून उंचवट्यांमधल्या फटींतही जमते. ते गोठले की बर्फ जणू मुळे रोवतो. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते. फ्रीजमध्ये साचलेला बर्फ उष्णतेस अडवतो आणि वीज जास्त खर्ची पडते.

यावर दोन वाटा निघाल्या. २००९ साली अमेरिकेत बोरेको व चेन यांनी दाखविले की, योग्य पृष्ठभागावर दोन सूक्ष्म थेंब एक होताच पृष्ठताणाच्या जोरावर उडी मारून दूर होतात. २०११ साली हार्वर्डमध्ये आयझेनबर्ग यांच्या गटाने घटपर्णीचा निसरडा काठ पाहून वंगण मुरविलेला पृष्ठभाग बनविला. पण वंगण हळूहळू झिजते. काम अजून पुरे झालेले नाही.

पालकहो, हे अपुरे काम आपल्या मुलांसाठीही आहे. अळूचे पान आपल्या परसातच आहे. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी तिने विचारलेला शेवटचा प्रश्न आठवून पाहा.