कुलूप तपासणारे हात

परतवाड्यात संत्र्याचे पैसे आता थेट खात्यात जमा होतात, म्हणून पुण्यातली एक घटना इथल्या बागायतदारानेही लक्षात ठेवावी. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते आणि एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मधे बसवलेली खोटी यंत्रणाच 'पैसे द्या' असा होकार देत होती. अशी फट चोराच्या नजरेनेच दिसते. म्हणूनच सरकारने हॅकरांना कामाला लावणे मला रास्त वाटते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2016 मध्ये हे केले, तेव्हा 138 खऱ्या त्रुटी सापडल्या. आपल्याकडे आरोग्य सेतू या सरकारी ॲपमधल्या त्रुटी शोधण्यासाठी 2020 मध्ये बक्षीस लागले आणि 2022 मध्ये आधार प्राधिकरणाने 20 निवडक हॅकरांची योजना आखली.

चोराच्याच हाती किल्ल्या द्यायच्या का, ही शंका खोटी नाही. पण आधारच्या योजनेत गुप्ततेचा करार होता, उमेदवार भारतीय रहिवासी हवा होता, आणि मुख्य म्हणजे अशा परवानगीच्या तपासणीत दरवाजा कोणी, कधी तपासला याची नोंद ठेवता येते. चोर अशी नोंद ठेवू देत नाही. मात्र परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, हेतू चांगला असला तरी. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनो, त्रुटी दिसली तर आत शिरू नका. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेला कळवा.