आधी पेशी, मग पोट

पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण यांचे तक्ते आपण सगळेच शाळेत पाठ करून बसलो आहोत, त्यांची उजळणी करत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आधी संस्था, मग पेशी हा क्रम उलटा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत पेशीचा स्वतंत्र पाठ येतो सातवीत, ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’. तोवर मूल जठर, फुप्फुसे, हृदय सुटेसुटे शिकते. पोटातल्या भाकरीचा छातीतल्या श्वासाशी काय संबंध, हे त्याला उमगतच नाही. त्याऐवजी तिसरी-चौथीतच सांगा, की शरीरातल्या प्रत्येक पेशीला अन्न हवे, ऑक्सिजन हवा आणि तिने टाकलेली घाण उचलून न्यायला हवी. मग अन्न कोण आणते, वाहून कोण नेते, हे मूलच विचारू लागते.

हे विदर्भातल्या लोहाऱ्यात सांगण्याला कारण आहे. इथे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आजाराचे नाव घरोघर ऐकू येते. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे पेशीचा धडा येण्याआधीच मुलाच्या बोटातून रक्त घेतले जाते! निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी वाकलेली जेमतेम १० ते २०. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की हाडे ठणकतात, प्लीहा निकामी होते, फुप्फुसांना त्रास होतो. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून असे मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, आणि वर्गात त्याला कामचुकार ठरवले जाते. एका पेशीचा आकार बिघडला आणि साऱ्या संस्था हलल्या. शरीर एकसंध आहे, हे सांगायला याहून चांगला धडा मला दिसत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, पण मागच्या बाकांवरच्या शिक्षकांच्या शंका टाळून खाली बसणार नाही. न दिसणारी वस्तू लहान मुलांना कशी कळणार? ती दाखवायची. कांद्याचा पातळ पापुद्रा, आयोडिनचा थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. शास्त्रज्ञ मनु प्रकाश यांनी घडवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शकही चालतो. अभ्यासक्रमाचे ओझे वाढेल? धडा वाढत नाही, नुसता अलीकडच्या इयत्तेत सरकतो. सुटी नावे घोकण्यात जाणारा वेळ उलट वाचतो. सिकलसेलचे ऐकून मुले घाबरतील, ही शंका मात्र मी गंभीरपणे घेतो. आजार आई-बापांकडून येतो एवढेच कानावर पडलेले मूल घाबरतेच. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हा आजार शिवल्याने होत नाही, पुरेसे पाणी आणि नियमित औषध यांनी त्रास कमी ठेवता येतो, हे कळलेले मूल सावरते. फक्त एक पथ्य कडक पाळा. कोणाचा अहवाल काय आला, हे वर्गात कधीही विचारू नका. ती माहिती त्या मुलाची आणि त्याच्या घरची आहे. आता प्रश्न विचारा, अध्यक्षांनी पाच मिनिटे दिली आहेत.