जामीनदार सुटत नाही



भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून इथल्या हजारो घरांत महिन्याच्या महिन्याला पगार येत आला. असा पगारदार माणूस जामीन राहिला की कर्ज मिळतं. म्हणून शेजाऱ्याला घर बांधायचं असो की मेहुण्याला दुकान टाकायचं असो, सही मागायला लोक आपल्याच दारात येतात. दिवाळखोरीवर आज मी बोलणार आहे ते या सही करणाऱ्याच्या बाजूने. कर्जदाराने दिवाळं काढलं तर याचं काय होतं?

आधी कंपन्यांचं पाहू. पोलाद कारखान्याच्या स्लॅगपासून सिमेंट करायला सरकारी पोलाद कंपनी सेल आणि जयप्रकाश असोसिएट्स यांनी मिळून भिलाई जेपी सिमेंट काढली. त्यातल्या जयप्रकाश असोसिएट्सवर ३ जून २०२४ रोजी अलाहाबादच्या कंपनी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अशा वेळी कंपनीवरचे दावे आणि वसुली थांबते, नवा मालक शोधला जातो, आणि योजना मंजूर झाली की राहिलेलं देणं बहुतेक पुसलं जातं. हा २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा रस्ता आहे. सामान्य माणसाला तो अजून खुला नाही. व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना.

तुमच्या-माझ्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. अर्ज दुर्गच्या जिल्हा न्यायालयात. देणं पाचशे रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, इतका तो जुना! नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं वाचतात. भविष्य निर्वाह निधीवरही जप्ती येत नाही. तारण ठेवलेलं घर मात्र बँक विकू शकते. न्यायालयाकडून कर्जातून मुक्तता मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये जरी उधार घेतले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर त्यात आपला दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं. नाहीतर पूर्ण मुक्तता नाही.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि बायकामुलांची पोटगी सुटत नाही. ते योग्यच आहे. पण याच कायद्याचं ४४ वं कलम पुढे सांगतं की कर्जदाराच्या मुक्ततेने जामीनदार मोकळा होत नाही. करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. २१ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या हमीदारांनाही हेच सांगितलं: कंपनीची योजना मंजूर झाली एवढ्याने हमी संपत नाही. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला आहे. पण दिवाळखोराकडून वसूल काय करणार?

मला हे अन्यायाचं वाटतं. धंद्याचा नफा ज्याने पाहिला नाही, त्याच्या पगाराला शेवटी कात्री लागते. न्यायालयाच्या जप्तीत पहिले एक हजार रुपये सोडून उरलेल्या पगाराचा एक तृतीयांश कापला जातो. घरात मुलीची फी, आईची औषधं असतात. त्यांचा विचार या हिशेबात नाही.

आता पत. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या पत कंपनीचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तिच्या अहवालात प्रत्येक खात्यासमोर लिहिलेलं असतं की तुम्ही स्वतः कर्जदार आहात की गारंटर. कर्जदाराचे हप्ते थकले की त्या ओळीची झळ तुमच्या स्कोअरलाही बसते. खातं तडजोडीने मिटलं तर 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि या नोंदी किमान सात वर्षं जपायचा नियम आहे. बँकेचा माणूस सांगतो, "चाळीस टक्के भरा, विषय संपला." वसुलीचा विषय संपतो, शेरा राहतो. म्हणून तडजोड करताना काय शेरा जाणार हे लेखी मागा, आणि जामीनदाराला मोकळं केल्याचं पत्रही त्याच दिवशी घ्या.

ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत त्यांनी वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल मागवावा. सिबिलसह चारही पत कंपन्यांकडून तो वर्षाला एकदा फुकट मिळतो. त्यात आपण जामीन राहिलेल्या खात्याची ओळ शोधा, हप्ते किती दिवस मागे आहेत ते पाहा, आणि थकबाकी दिसली तर नोटिशीची वाट न पाहता कर्जदाराच्या घरी जाऊन बसा.