आपटून घ्यायला आलेला किंगकाँग

कामतघरहून बोलतोय, त्यामुळे मागे लूमचा खडखडाट ऐकू आला तर चालवून घ्या.

आजचा विषय किंगकाँग. सिनेमातला गोरिला नाही हं, पैलवान. वर्गातल्या जाड्या पोराला आपण ज्या नावाने चिडवतो, त्या नावाचा एक खराखुरा माणूस मुंबईत कुस्त्या खेळून गेलाय. एमिल त्साया. जन्म १९०९, गाव ब्राशोव्ह. तेव्हा ते हंगेरीत होतं, आता रोमानियात आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून तो आपल्याकडे खेळत होता. नंतर दारासिंग आले, वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम आलं आणि फ्रीस्टाईल कुस्तीला तुफान गर्दी व्हायला लागली.

आता बघा, हंगेरीशी आपलं भांडण काय? काहीच नाही! पण तो गोरा, दाढीवाला, अवाढव्य. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. पंजाबच्या शेतकऱ्याचा पोरगा गोऱ्या राक्षसाला डोक्यावर उचलतोय, हे बघायला लोक तिकीट काढायचे. मला वाटतं, तो कुठल्या देशाचा हे कुणी विचारतही नसेल.

दारासिंगनी त्याला उचलून गरगर फिरवलं, हा किस्सा तुमच्या आजोबांनी सांगितला असेल. वजन दोनशे किलो सांगतात. पण एक विचार करा. एवढा माणूस अंग सैल सोडून पडून राहिला तर कोण उचलणार? फ्रीस्टाईलमध्ये वर जाणाऱ्यालाही काम असतं. योग्य वेळी उडी घ्यायची, तोल सांभाळायचा, आणि खाली येताना स्वतःची मान वाचवायची. निकाल आधी ठरलेला असेल, नुरा कुस्ती म्हणा हवं तर, पण आपटणं खोटं नसतं. दारासिंगची ताकद लोकांना दिसायची, ती यानेही दाखवून दिलेली असायची. टाळ्या मात्र एकालाच. हा १९७० साली, कार अपघातानंतर, सिंगापुरात वारला.

आणि हाच धंदा तिकडे उलटा चालतो. जिंदर महल आठवतोय? खरं नाव युवराजसिंग ढेसी, जन्म कॅनडातल्या कॅल्गरीचा. इंग्रजी त्याची घरचीच भाषा. पण डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला पगडी घातली, ‘महाराजा’ केलं, रिंगमध्ये पंजाबी बोलायला लावलं. तो पंजाबी बोलायला लागला की अमेरिकन पब्लिक बू करायचं, आणि त्याने बोलायचं ते त्यासाठीच! २१ मे २०१७ ला रँडी ऑर्टनला हरवून तो चॅम्पियन झाला. व्हिलन म्हणूनच. त्याचा काका गामासिंग, त्यानेही कॅल्गरीच्या रिंगणात वर्षानुवर्षं हेच केलं होतं.

नोव्हेंबरात पट्टा गेला. डिसेंबरात जिंदर दिल्लीत आला, ट्रिपल एचकडून हरला, आणि मॅच संपल्यावर दोघं रिंगमध्येच भांगडा नाचले.